चकतीचा दुसरा थांबा

पणजी नदीच्या दगडावर धुणे आपटायची. तिला धोपटणीवाली म्हणत. आजीने परसात भट्टी लावून इस्पितळाच्या चादरी उकळल्या, ती भट्टीवाली. आईने कोळशाच्या इस्त्रीने बड्या घरांचे सदरे असे कडक केले की ते खुर्चीवर एकटे बसावेत, ती इस्त्रीवाली. या तिघींच्या वंशात आलेली थोरली लेक त्याच इस्पितळाच्या धुलाईघराची प्रमुख झाली. हाताखालच्या बायकांनी तिला मुकादमीण हे नाव दिले. ते निवृत्तीनंतरही तिला चिकटून राहिले, आणि तिनेही ते कधी झटकले नाही.

चार पिढ्यांनी एक शहाणपण जपले होते. माणूस शपथेवर खोटे बोलेल. कपडा खोटे बोलत नाही.

त्या सकाळी फोन वाजला. पलीकडे धाकटी बहीण होती.

"ताई, धुतला गं."

"काय धुतला?"

"त्याचा शर्ट. कुणीतरी त्याचा शर्ट धुतला."

मुकादमिणीने पायात चपला सरकवल्या.

तो शर्ट म्हणजे काय, हे घरातल्या सर्वांना ठाऊक होते. धाकटीचा एकुलता एक मुलगा रुग्णवाहिका चालवायचा. पहाटेच्या ड्यूटीला म्हणून निघाला आणि घाटातल्या वळणावरून परतलाच नाही. आदल्या दिवशी अंगातून काढलेला त्याचा वर्दीचा टेरिलीनचा शर्ट धुण्याच्या टोपलीत पडला होता. आईने तो टोपलीतून उचलला, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला, आणि रोज सकाळी अंघोळ झाली की झाकण किंचित उघडून एकदाच श्वास घ्यायची. एकदाच. वास पुरवून पुरवून वापरायचा होता.

"आलेच," मुकादमीण म्हणाली. "कशालाही हात लावू नका. त्या मशीनला तर मुळीच नाही."

दोन गल्ल्या ओलांडताना तिचे गुडघे दुखत होते, आणि त्याहून खोल काही दुखत होते. वासाची किंमत तिला ठाऊक होती. तरुणपणी तिची स्वतःची तान्ही लेक तापाने गेली होती. लेकीची एक दुलई उरली होती, दुधाच्या वासाची. पुढे ती स्वतःच तापाने फणफणून पडली, आणि शुद्धीवर आली तेव्हा दुलई भट्टीतून उकळून, निथळून, दोरीवर लोंबत होती. धाकटी पुढे येऊन म्हणाली होती, "मी उकळली." तेव्हा थोरलीने तिला बोललेले शब्द अजून त्या दोघींच्या मध्ये कुठेतरी उभे होते: "माझ्या लेकीचा वास तू उकळून टाकलास. तुझं तोंड पुन्हा मला दाखवू नकोस." कित्येक वर्षे अबोला चालला. धाकटीने त्यावर चकार शब्द काढला नव्हता.

दार धाकटीच्या सुनेने उघडले. पोरीचा चेहरा ओल्या वातीसारखा झाला होता. तिच्या मागे खोलीच्या मधोमध एक उघडी बॅग पडली होती.

"ही कुणाची बॅग?"

"माझी, मावशी. आईंनी सांगितलंय, आजच्या आज माहेरी जा."

आतून धाकटीचा आवाज आला, फाटलेला. "सांगितलंय आणि पुन्हा सांगते! एका छताखाली आता मी हिच्याबरोबर राहायची नाही!"

म्हणजे प्रश्न निव्वळ शर्टाचा उरला नव्हता. धाकटीच्या आणि तिच्या नवऱ्याच्या उतारवयाला या पोरीखेरीज कुणाचा आधार नव्हता. आणि शर्ट सुनेनेच धुतला हा आळ खरा ठरला, तर तो आधारही आज संध्याकाळच्या गाडीने जाणार होता.

"कुठे सापडला?" मुकादमिणीने विचारले.

धाकटीच्या नवऱ्याने बोट दाखवले. आयुष्यभर टपाल खात्यात काढलेला तो सज्जन माणूस पोस्टमास्तर याच नावाने ओळखला जाई. "इथे. दारामागच्या खुंटीवर. दार उघडं असलं की दिसतच नाही हो. सकाळी हिने डबा उघडला, रिकामा. मग शोधाशोध."

शर्ट हँगरवर होता. मुकादमिणीने चष्मा लावला. गळ्याचे सर्वांत वरचे बटण तेवढे लावलेले, म्हणजे कॉलर बसकी होत नाही. कापडावर सुरकुती नाही. पण इस्त्रीची धारही नाही. तिने खिशात दोन बोटे घातली. आत घडी घातलेला स्वच्छ हातरुमाल होता.

तिने तो बाहेर काढला नाही. बोटे तशीच मागे घेतली.

"चला, मशीन दाखवा."

स्वयंपाकघरामागच्या सज्जात दोन जुनी यंत्रे शेजारी शेजारी उभी होती: धुण्याचे आणि वाळवण्याचे. इस्पितळाने ती मोडीत काढली तेव्हा मुकादमिणीनेच बहिणीकडे आणून बसवली होती. यंत्रांच्या फिरवायच्या चकत्यांवरची अक्षरे केव्हाच झिजली होती. धुण्याच्या चकतीवर एक लाल ठिपका होता, नखांना लावायच्या रंगाचा.

"हा ठिपका कुणी लावला?"

"ह्यांनी," सून म्हणाली. 'ह्यांनी' म्हणताना तिचा आवाज अडखळला. "लग्न होऊन आले तेव्हा मला चकतीतलं काही कळायचं नाही. हे म्हणाले, लालवर आणायचं, चकती ओढली की मशीन चालू, मग विसरून जायचं."

मुकादमीण वाकली. चकतीचा काटा कुठे थांबला आहे ते तिने निरखून पाहिले. मग वाळवण्याच्या यंत्राचा काटा पाहिला. दार उघडले. आत दोन टॉवेल होते, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले, मऊ आणि कोरडे. तिने एक नाकाशी नेला. डांबरगोळीचा वास आला. मग तिने धाग्याधुळीची जाळी ओढली. ती निर्मळ होती.

"काल सकाळी डब्यात शर्ट होता?" तिने वळून विचारले.

"होता," पोस्टमास्तर म्हणाले. "हिने वास घेतला, मी पाहिलं."

"आणि काल दुपारी घरात कोण?"

"ही आत पडली होती. मी वाचनालयात. सूनबाई औषधांच्या दुकानात, कामावर. आणि..." ते चाचरले. "आणि तुम्ही, ताई. खुर्चीवर चादरी होत्या."

"हो. इस्त्रीच्या चादरी ठेवून गेले. किल्ली आहे माझ्याकडे. ती झोपली होती, म्हणून आत डोकावले नाही. संशयितांत मलाही धरा, मास्तर, संकोच नको. आता तुमची पाळी. शर्ट धुतला पाहिजे, असं तुम्ही म्हणाला होता का?"

पोस्टमास्तरांनी मान खाली घातली. "एकदा म्हणालो होतो. डबा उघडायची वेळ आली की तिचा जीव कासावीस व्हायचा. म्हटलं, किती दिवस चालणार हे?"

"ही चकती लालवर आणा बघू."

त्यांनी हात घातला आणि चकती डावीकडे फिरवू लागले. मुकादमिणीने त्यांच्या मनगटावर चापट मारली.

"अहो, पुढे! पुढेच फिरवायची असते! उलटी फिरवली की आतले दात मोडतात. मागे एकदा मोडलेत ना तुम्ही?"

"त्यानंतर मला सज्जात यायलाच बंदी आहे," पोस्टमास्तर केविलवाणे म्हणाले.

"योग्य बंदी आहे."

पोस्टमास्तरांचे नाव तिने मनातल्या मनात खोडले. तेवढ्यात धाकटी स्वयंपाकघरात आली. रडून रडून डोळे सुजलेले. पण पाहुणी आली म्हणजे चहा, ही सवय दुःखालाही मोडता आली नव्हती. तिने कप मांडले. पाच.

घरात माणसे चार होती.

सून पुढे झाली. तिने पाचवा कप उचलला आणि काही न बोलता फळीवर ठेवला. मग धाकटीच्या हाताखालून, न पेटवता चालू राहिलेली शेगडीची कळ बंद केली. धाकटीने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

मुकादमिणीने पाहिले.

"तू मशीनला हात लावतेस का गं अजून?" तिने बहिणीला सहज विचारले.

"तो गेल्यापासून शिवले नाही मी. कुणाचं धुवायचं आता? सगळं तीच करते." धाकटीने सुनेकडे हनुवटी उडवली. "आणि काय केलं ते बघ."

"मीच केलं, मावशी." सून एकदम म्हणाली. "काल संध्याकाळी. चुकून ढिगात गेला. माझी चूक आहे, मी जाते. आणखी काही विचारू नका."

"विचारणार. माझा स्वभावच वाईट. कुठल्या खुणेवर लावलंस?"

"लालवर. मला दुसरी येतच नाही."

"आणि वाळवताना?"

"मिनिटांवर. नेहमीसारखं."

"ढिगातले बाकीचे कपडे कुठे आहेत?"

सून दोरीकडे पाहू लागली.

"बरं. हे टॉवेल आत कसे?"

"ते... ते पण ओले होते. धुतले होते."

"असं?" मुकादमीण म्हणाली, आणि विषय तिथेच सोडला.

मग तिने दोरीवरून पोस्टमास्तरांचा एक जुना टेरिलीनचा शर्ट ओढला, यंत्रात टाकला आणि जाणूनबुजून चकती लाल ठिपक्यावर आणून ठेवली. धाकटी चहाचा कप घेऊन दाराशी उभी होती. तिची नजर खिडकीबाहेर होती, डोळे भरलेले होते. पण तिचा मोकळा हात आपण होऊन पुढे आला. त्याने चकती पुढे नेली, खट्, खट्, खट्, कानाने मोजावी तशी, आणि एका जागी अचूक सोडली.

"तिथे नाही, ताई. टेरिलीन आहे ते. पिळून त्याचं फडकं होईल." एवढे बोलून ती कप ठेवून आतल्या खोलीत गेली. जाता जाता तिचे रडणे पुन्हा सुरू झाले.

सुनेने डोळे मिटून घेतले.

मुकादमिणीने स्वयंपाकघराचे दार लोटले आणि वाळवण्याचे यंत्र रिकामेच सुरू केले. त्याच्या घरघरीत आतल्या खोलीपर्यंत शब्द जाणार नव्हता.

"बसा दोघंही," ती म्हणाली. "आणि मध्ये बोलू नका."

दोघे बसले.

"या जुन्या चकतीवर एक नाही, तीन तऱ्हेच्या धुलाया आहेत. गोल एकच, पण प्रत्येक धुलाईची सुरुवात वेगळी आणि थांबा वेगळा. पहिली रोजच्या जाड्याभरड्याची; तिची सुरुवात हा लाल ठिपका. ती संपली की काटा पहिल्या थांब्यावर येतो. दुसरी टेरिलीनच्या कपड्यांची. ती गरम पाण्यात धुते, पण पिळण्याआधी गार पाणी घेऊन कापड निववते, आणि मग हळू पिळते, म्हणून सुरकुती पडत नाही. तिसरी नाजूक कपड्यांची. पोरी, तू जन्मात लालखेरीज काही वापरलं नाहीस. मग मी आले तेव्हा काटा दुसऱ्या थांब्यावर कसा होता?"

सुनेने चकतीकडे पाहिले.

"आता वाळवण. याच्याही चकतीला दोन बाजू. एक मिनिटांची, ठरलेला वेळ गेला की बंद. दुसरी आपोआपची. तिथे आतले कपडे ओले आहेत तोवर काटा हलतच नाही; पिंप पुरेसं तापलं की मगच सरकतो. तू मिनिटांची वापरतेस. काटा होता आपोआपच्या बाजूला. त्यात एकटा शर्ट टाकला तर तो पिंपाला चिकटून बसतो, नीट उलटापालटा होत नाही. म्हणून जाणती बाई त्याच्याबरोबर दोन कोरडे टॉवेल टाकते. तू म्हणालीस, टॉवेल धुतले होते. धुतलेल्या टॉवेलाला डांबरगोळीचा वास येत नाही. ते कपाटातून थेट वाळवणात गेले होते. वर काम झाल्यावर जाळीही साफ केली. ही टॉवेलाची आणि जाळीची शिस्त मी एकाच बाईला शिकवली आहे."

पोस्टमास्तरांनी हातातला कप खाली ठेवला.

"ताई, नका..."

"मध्ये बोलू नका म्हटलं ना. मास्तर, चोराने धुतला असता तर लपवला असता. रागाने धुतला असता तर फेकला असता. चुकून धुतला गेला असता तर ढिगात निघाला असता. हा शर्ट दारामागच्या खुंटीवर होता. वरचं बटण लावून. खिशात रुमाल घालून." मुकादमिणीने चष्मा काढला. "शर्ट धुणाऱ्या बाईला वास घालवायचा नव्हता. तिच्या मनात उद्या पहाटेची ड्यूटी होती. दुपारी झोपेतून उठली तेव्हा तिचा लेक जिवंत होता, आणि त्याची वर्दी मळलेली होती."

यंत्र रिकामेच फिरत राहिले.

"आईंना काहीच आठवत नाही," सून अखेर बोलली. "काल कामावरून आले, दार लावलं, तर समोर शर्ट. क्षणभर मलाही वाटलं, हे आले." पदराने नाही, तळहाताने तिने तोंड दाबून धरले. "मागच्या महिन्यात पहाटे दारात उभ्या होत्या, ह्यांच्यासाठी जेवणाचा डबा भरून. मी म्हटलं, 'गेले ते, आत्ताच गेले कामावर.' तशाच समाधानाने जाऊन झोपल्या. सकाळी काहीच नाही. मावशी, वास आपणच धुऊन टाकला हे त्यांना कळलं तर त्या जगतील का? मग म्हटलं, माझ्यावर येऊ दे. मला काय, माहेर आहे."

"आणि तू माहेरी गेल्यावर पुढच्या पहाटे दारात कोण उभं राहणार? मास्तर?"

पोस्टमास्तर रडत होते, आवाज न करता, टपाल निवडताना बसावे तसे ताठ बसून. "मला वाटलं, दुःखाने विसरते," ते म्हणाले. "पाच कप मी पण पाहतो हो रोज."

"डॉक्टरकडे तिला तुम्ही दोघांनी न्यायचं. आणि सूनबाईला या घरातून कुणी हलवायचं नाही."

"पण आई मला ठेवणार नाहीत," सून म्हणाली. "आळ कुणावर तरी राहणारच ना."

"राहणार. तू फक्त गप्प बसायचं." मुकादमिणीने यंत्र बंद केले. मग क्षणभर ती त्याच्या गरम पत्र्यावर हात ठेवून उभी राहिली. "माझ्या लेकीची दुलई कुणी उकळली, ठाऊक आहे? आई मरताना मला सांगून गेली. तापाच्या भरात मीच उठले होते. पोरीला स्वच्छ दुलई हवी म्हणत होते, भट्टी मीच पेटवली होती. मला सावरायला धाकटीने ती चूक आपल्या डोक्यावर घेतली. आई सांगेपर्यंत इतकी वर्षं मी तिचं तोंड पाहिलं नाही. आणि मला कळल्यावरही ती म्हणाली, 'जाऊ दे ना ताई, कुणीतरी घ्यायलाच हवं होतं.'"

ती आत गेली.

धाकटी खाटेवर बसली होती. मांडीवर रिकामा डबा, झाकण उघडे. त्यात वाकून ती पत्र्याचाच वास घेत होती.

"सुनेला बोलावून घे," मुकादमीण म्हणाली. "तिने काही केलेलं नाही. तुला चुकून झालं असं सांगतेय, ते मला वाचवायला. शर्ट मी धुतला."

धाकटीने मान वर केली. "तू?"

"काल दुपारी चादरी घेऊन आले होते. तू झोपली होतीस. डबा दिसला. मला बघवेना तुझं ते रोजचं."

"तू?" धाकटी पुन्हा म्हणाली, आणि आता त्या शब्दात प्रश्न नव्हता. "दुसऱ्या कुणी केलं असतं तर समजले असते. तुला, ताई, तुला ठाऊक होतं ना काय असतं ते? तुझी दुलई..."

"ठाऊक होतं."

"तरी?"

"तरी."

धाकटी उठली. आवाज अगदी सपाट आला, अनेक वर्षांपूर्वी एका दुसऱ्या खोलीत थोरलीचा आला होता तसा.

"माझ्या लेकाचा वास तू धुऊन टाकलास. तुझं तोंड पुन्हा मला दाखवू नकोस."

मुकादमिणीने मान लववली. बहिणीने तेव्हा लववली होती तशीच; एक अक्षर न बोलता. पर्समधून घराची किल्ली काढली आणि खाटेशेजारच्या मेजावर ठेवली.

"पोरी!" धाकटीने दाराकडे पाहून हाक मारली, आणि तिचा बांध फुटला. "पोरी, इकडे ये गं. काय बोलले मी तुला. कुठे जायचं नाही. ती बॅग आधी रिकामी कर."

सून धावत आत गेली. दाराशी मुकादमिणीला ओलांडताना तिने तिचा हात घट्ट दाबला. मुकादमिणीने तो हलकेच सोडवून घेतला आणि आतल्या खोलीकडे डोळ्यांनी खूण केली: तिकडे बघ.

जिन्याशी पोस्टमास्तर उभे होते. "ताई, कधीतरी मी सांगेन तिला..."

"खबरदार," मुकादमीण म्हणाली. "मला दुलईचं खरं कळलं, तेव्हा मी बरी होते. ती आता बरी होणार नाही."

ती कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली. वरून सुनेचा दबका आवाज येत होता, आणि धाकटीचे रडणे आता एकटे राहिले नव्हते. खालच्या पायरीवर ती टेकली. चिरगुटासारखी जपून ठेवलेली ती दोन वाक्ये तिने मनाशी पुन्हा एकदा म्हटली. आधी आपल्या आवाजात, मग धाकटीच्या. 'लेकीचा'ऐवजी 'लेकाचा', 'उकळून'ऐवजी 'धुऊन', बाकी शब्दाला शब्द.

सारे परत मिळाले होते. धाकटीचे ती आता काही देणे लागत नव्हती. मुकादमिणीने पदर तोंडावर घेतला आणि तिथेच, भर सकाळी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत, हमसून हमसून रडली.